सोलापुरात राहून गोल्फ: पैसा कुठे घालायचा, सराव कुठे करायचा

गोल्फ सुरू करायचाय म्हणणाऱ्या सोलापूरकराचा पहिला प्रश्न ठरलेला असतो, "अण्णा, सेट कुठला घेऊ?" माझं उत्तरही ठरलेलं: एवढ्यात कुठलाच नको. अठरा होलचं मैदान आपल्याला पुण्यात, नाहीतर हैदराबादेत. एकीकडे अडीचशे किलोमीटर, दुसरीकडे तीनशेच्या वर. पुण्यातल्या माणसाने आधी सेट घेतला तर तो निदान रविवारी गाडीत तरी पडतो. आपला सरळ माळ्यावर जातो. म्हणून आपल्या खर्चाचा क्रम वेगळा लावायचा. आधी कोच, मग बूट आणि ग्लोव्ह, मग जुना अर्धा सेट, मग प्रवास. क्लब म्हणजे बॉल मारायची काठी. त्यातला ड्रायव्हर, म्हणजे तो मोठ्या डोक्याचा लांब क्लब, सगळ्यात शेवटी.

माझा धंदा टेरी टॉवेलचा, अक्कलकोट रोड एमआयडीसीत. बाहेरच्या गिऱ्हाइकांसाठी गोल्फ टॉवेल विणता विणता हा खेळ गळ्यात पडला. त्यामुळे पुढे टॉवेलबद्दल जरा जास्त येईल, ते चालवून घ्या.

कोच

पुण्यात एक शनिवार-रविवार काढा आणि दोन्ही दिवस एकेक तास शिकवणी लावा. नॅशनल गोल्फ अकादमी ऑफ इंडियाचं प्रमाणपत्र असलेला कोच बघा. पहिल्याच भेटीत स्पष्ट सांगा की आपण सोलापूरचे, दर आठवड्याला येणं जमणार नाही, मोबाइलवर व्हिडिओ पाठवला तर बघाल का आणि त्याचे वेगळे किती घ्याल. हे आधी ठरलं नाही तर दोन महिन्यांनी पाठवलेल्या व्हिडिओला नुसता अंगठा येतो.

त्या दोन तासांत चेंडू लांब मारायच्या भानगडीत पडू नका. तीनच गोष्टी पक्क्या करून आणा: पकड, उभं राहणं, आणि कुठल्या क्लबला बॉल पायांच्या मध्ये नेमका कुठे ठेवायचा. हातात क्लब धरलेला असताना पकडीचे फोटो दोन्ही बाजूंनी काढून घ्या. घरी आल्यावर आठवडाभरात पकड आपोआप बदलते, आणि बदलली हे आपल्याला कळत नाही.

आपल्याकडची बहुतेक मंडळी पार्क स्टेडियमच्या आसपास क्रिकेट खेळून मोठी झालेली. त्यांचा खालचा हात फार जोर करतो. उजव्या हाताने ओढून मिडविकेटला मारायची सवय इथे बॉल सरळ डावीकडच्या झाडीत नेते. कोचला आधीच सांगा की क्रिकेट खेळलोय, म्हणजे तो तिथूनच सुरुवात करेल. यूट्यूब मात्र पहिले सहा महिने बंद. तिथे दर पाच मिनिटांना नवा गुरू भेटतो आणि प्रत्येकाचं म्हणणं आधीच्याच्या उलट असतं.

व्हिडिओ काढायचा तो दोन बाजूंनी. एक समोरून, एक पाठीमागून, म्हणजे बॉल जिकडे जायचा त्या रेषेत. मोबाइल हातांच्या उंचीवर ठेवा, स्लो मोशन लावा. वरून किंवा तिरका काढला तर स्विंगची वाट खोटी दिसते आणि कोच भलतंच दुरुस्त करायला सांगतो.

क्लब: सात नग पुरे

नियमाने बॅगेत जास्तीत जास्त १४ क्लब चालतात. जास्तीत जास्त, कमीत कमी नव्हे. सुरुवातीला लांबच्या फटक्यांना पाच नंबरचा फेअरवे वुड आणि एक हायब्रिड, मधल्या अंतराला सात आणि नऊ नंबरचे आयर्न, जवळून बॉल उचलून टाकायला पिचिंग वेज आणि ५४ किंवा ५६ डिग्रीचा सँड वेज, आणि बॉल होलमध्ये ढकलायला पटर, एवढ्यात अठरा होल आरामात होतात. आयर्न घ्याल ते कॅव्हिटी बॅकचे, मागून पोकळ असलेले. त्यांचं वजन कडेला वाटलेलं असतं, त्यामुळे बॉल मधोमध लागला नाही तरी बराचसा जातो. दिसायला देखणे, पातळ पात्यांचे आयर्न दुकानात नुसते बघून ठेवून द्या. शाफ्ट, म्हणजे क्लबचा दांडा, रेग्युलर घ्या. साठीच्या पुढे असाल तर सीनियर. ‘स्टिफ’ म्हणजे भारी माल, असा एक समज आपल्याकडे आहे. त्याचा दर्जाशी काही संबंध नाही, स्विंगच्या वेगाशी आहे.

हे सगळं जुनं घ्या. गोल्फर लोक दर दोन-तीन वर्षांनी नव्या मॉडेलच्या मागे लागतात आणि चांगला माल निम्म्या किमतीत सोडतात. कोचला विचारलं की कुणीतरी विकणारा निघतोच. पण घेताना क्लब हातात घेऊन बघा, फोटोवर जाऊ नका. फेसवरच्या, म्हणजे बॉलला लागणाऱ्या बाजूवरच्या, खाचांवरून नख फिरवा. वेजच्या खाचा गुळगुळीत झालेल्या असतील तर तो ग्रीनवर, म्हणजे होलभोवतीच्या बारीक कापलेल्या गवतावर, बॉल थांबवणार नाही. शाफ्ट डोळ्यासमोर धरून लांबीला बघा, वाक कळतो. डोकं कानाशी नेऊन हलवा. आत खुळखुळलं तर काहीतरी सुटलंय. शाफ्ट आणि डोकं जोडतं तिथली काळी कड वर सरकलेली असेल तर आतला डिंक ढिला झालेला असू शकतो. ग्रिप चकाकत असेल तर रबर संपलं, ती बदलायचा खर्च किमतीतून वजा करून मागा.

नकली माल भरपूर फिरतो. टायटॅनियमचा म्हणून ड्रायव्हर गळ्यात मारत असतील तर खिशात लोहचुंबक ठेवा. टायटॅनियमला चुंबक चिकटत नाही. फेसला चिकटला, तर उठून चहा पिऊन घरी यायचं.

ग्रिप महिन्यातून एकदा कोमट पाणी आणि भांड्याच्या साबणाने जुन्या टूथब्रशने घासा. घामाचं तेल निघालं की जुनी ग्रिपही हाताला धरते. आणि एप्रिल-मेमध्ये क्लब गाडीच्या डिकीत ठेवू नका. बाहेर बेचाळीस-त्रेचाळीस असतं तेव्हा बंद डिकीत किती होत असेल ते तुम्हीच बघा. ग्रिपखालची टेप आणि शाफ्टमधला इपॉक्सी, दोन्ही उष्णतेने सैल पडतात.

बॉल, बूट, ग्लोव्ह

बॉल टू-पीस घ्या, कडक आवरणाचा. महागडा युरेथेनचा बॉल ग्रीनवर फिरकी घेतो हे खरं, पण ती फिरकी द्यायला मारणाऱ्याला यावी लागते, आणि बॉल तर पहिल्याच तळ्यात जाणार. तळ्यातून काढून विकलेले बॉलही सुरुवातीला चालतात. रंग मात्र पांढराच घ्या. आपल्या वाळक्या गवतात पांढरा बॉल दिसतो, पिवळा नाही.

बुटांवर पैसा घाला. अठरा होल म्हणजे आठ-दहा किलोमीटर चालणं, तेही चार-सव्वाचार तास. ग्लोव्ह उजव्या माणसाने डाव्या हातात घालायचा. आपल्या घामाला मऊ कातड्याचा ग्लोव्ह टिकत नाही, वाळला की पापडासारखा होतो. सिंथेटिकचे दोन घ्या. एक हातात, एक बॅगेला उघडा लटकवून वाळत. बॉल मारून झाला की काढायची सवय लावा.

टॉवेल

इथे जरा थांबतो. सोलापुरी चादरीला आणि सोलापूरच्या टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, आणि तरी आपलीच मंडळी परदेशी कंपनीचा छाप असलेला गोल्फ टॉवेल मागवतात. नव्या पेठेतून साधा चांगला टॉवेल घ्या. साधारण १६ इंच रुंद, २४ इंच लांब, वजन ४०० ते ४५० जीएसएम, म्हणजे चौरस मीटरला तेवढे ग्रॅम. त्याहून जाड घेतला तर भिजल्यावर बॅग एका बाजूला ओढतो. शिंप्याकडून एका कडेला पितळी आयलेट बसवून घ्या, त्यात साधी कडी अडकवा. झाला गोल्फ टॉवेल.

नवा टॉवेल पाणी पीत नाही. कारखान्यात शेवटी सॉफ्टनर दिलेला असतो, तो धाग्यावर बसलेला असतो. दोनदा साध्या पावडरीने धुवा, सुगंधी द्रव टाकू नका. मैदानावर अर्धा टॉवेल ओला करा, अर्धा कोरडा ठेवा. ओल्या भागाने फेस पुसायचा, कोरड्याने ग्रिप आणि हात. खाचांत माती भरली की बॉलला फिरकी लागत नाही, म्हणून प्रत्येक फटक्यानंतर पुसायचा, होल संपल्यावर नाही. आणि ग्लोव्हचा वेल्क्रो टॉवेलला लागू देऊ नका. टेरीचे लूप त्यात अडकतात आणि एकेक धागा ओढला जातो. महिन्याभरात टॉवेलला मिशा फुटतात. ज्यांना हे नको त्यांनी एका बाजूने व्हेलूर केलेला, म्हणजे लूप कापलेला टॉवेल घ्यावा, पण तो पाणी कमी पितो.

सरावातही हाच टॉवेल लागतो. चार घड्या घालून बॉलच्या मागे वीतभरापेक्षा थोडा कमी अंतरावर ठेवा आणि चिप, म्हणजे जवळचा छोटा फटका, मारा. क्लब आधी जमिनीला लागत असेल तर टॉवेल पुढे सरकतो. कोच नसताना चूक दाखवणारं याहून स्वस्त साधन नाही. दुसरा उपयोग: टॉवेल छातीवरून आडवा घेऊन दोन्ही बगलांत धरा आणि अर्धा स्विंग करा. हात अंगापासून सुटले की टॉवेल पडतो. हातांनी मारणाऱ्या क्रिकेटवाल्यांसाठी हे औषध आहे.

गच्चीवरची जाळी

जुळे सोलापूर असो नाहीतर होटगी रोड, ज्याच्याकडे गच्ची आहे त्याच्याकडे रेंज, म्हणजे सरावाची जागा, आहे. फक्त जाळी नीट बांधायची. क्रिकेटच्या सरावाची जाळी बांधू नका. गोल्फ बॉलचा व्यास असतो ४२.६७ मिलिमीटर, आणि क्रिकेटच्या जाळीची भोकं बरेचदा त्याहून मोठी असतात. बॉल सरळ आरपार शेजारच्या बाल्कनीत. एक इंचापेक्षा बारीक भोकाची जाळी घ्या, दहा फूट रुंद, दहा फूट उंच, आणि ती ताणून बांधू नका. ताणलेली जाळी बॉल परत तोंडावर फेकते.

जाळीच्या मागे दीडेक फूट सोडून एक जुनी जाड सोलापुरी चादर लटकवा. वरून बांधा, खालची कड मोकळी आणि जमिनीवर लोळती ठेवा. जाळीने वेग निम्मा होतो, उरलेला चादर खाते आणि बॉल खाली गळून पडतो. जॅकार्डची जुनी, जड चादर उत्तम; धुऊन धुऊन विरलेली नको. आमच्या घरी ही चादर बांधली तेव्हा "गच्चीवर दुकान मांडलंय काय?" असं खालून विचारणं झालं होतं. तुमच्याकडेही होईल. जाळीपासून आठ-दहा फुटांवर उभे राहा. बॉल क्लबच्या टाचेला लागला तर तो समोर न जाता उजवीकडे जवळजवळ काटकोनात सुटतो, म्हणून उजव्या बाजूलाही जाळीचा एक पडदा हवाच. हा पडदा नसेल तर खरा बॉल गच्चीवर मारू नका, फोमचे किंवा भोकाचे प्लास्टिकचे मारा. ४५ ग्रॅमचा कडक गोळा आहे तो. खाली कुणाचं तरी पोर खेळत असतं.

पायाखाली नुसती फरशी नको आणि काथ्याचं पातळ पायपुसणंही नको. क्लब खाली आपटला की सगळा हादरा कोपरात जातो, आणि कोपर धरलं की दोन-तीन महिने घरी. खाली जाड रबरी मॅट, वर कृत्रिम गवत, आणि बॉल बुटक्या टीवर, म्हणजे बॉल ठेवायच्या खुंटीवर. एका वेळी चाळीस-पन्नास फटके पुरेत, पण प्रत्येक फटक्याआधी मागे येऊन, नेम धरून, पुन्हा उभं राहायचं. एका जागी उभं राहून शंभर बॉल हाणणं म्हणजे घाम काढणं, सराव नव्हे.

जाळीत बॉल कुठे जातो ते दिसत नाही, ही खरी अडचण. त्यावर उपाय: व्हाइटबोर्डच्या मार्करने बॉलवर ठिपका काढा आणि ठिपका क्लबकडे करून ठेवा. मारल्यावर फेसवर शाई उमटते. टोकाकडे की टाचेकडे, ते लगेच कळतं. उमटलेल्या फेसचे फोटो कोचला व्हिडिओबरोबर पाठवा.

फरशीवरचं पटिंग आणि रानातलं चिपिंग

शहाबादी फरशीवर बॉल इतका पळतो की अंतराचा अंदाज बिघडतो. सतरंजी अंथरा, ताणून, सुरकुती न ठेवता. होलचा व्यास १०८ मिलिमीटर, म्हणजे बॉलच्या अडीचपट. घरी मात्र होल मांडू नका. बॉलपुढे फूटभरावर दोन नाणी ठेवा, मध्ये बॉल जेमतेम जाईल एवढीच फट. फटीतून नाण्याला न लागता गेला तर सुरुवातीची दिशा बरोबर. तीन फुटांचा पट, म्हणजे पटरचा फटका, चुकतो तो बहुतेक वेळा इथेच, पहिल्या फुटात. अंतरासाठी सहा, नऊ, बारा फुटांवर दोरा टाका आणि प्रत्येक दोऱ्यापलीकडे पण वीतभराच्या आत बॉल थांबवा. रोज दहा मिनिटं, टीव्हीसमोर चालेल.

चिपिंगला मोकळी जागा लागते. होम मैदान, पार्क, शाळेचं पटांगण इथे खरा बॉल अजिबात काढू नका. रब्बीची ज्वारी निघाली की फेब्रुवारी-मार्चमध्ये ओळखीच्या शेतकऱ्याला विचारून पडीक तुकडा मिळवा. काळ्या रानात उन्हाळ्यात भेगा पडतात आणि बॉल भेगेत गेला की गेलाच. ज्वारीची धसकटंही क्लबला चांगली नाहीत. त्यापेक्षा बांधाच्या कडेचा, मुरमाड आणि थोडं गवत असलेला भाग निवडा, जुना वेज वापरा. तीन पाट्या वेगवेगळ्या अंतरावर मांडा, दहा, वीस, तीस पावलं, आणि पिचिंग वेजने, मग नऊ नंबरने, मग सात नंबरने टाकून बघा. बॉल हवेत किती जातो आणि पडल्यावर किती घरंगळतो हे वहीत लिहा. कडक जमिनीवर सँड वेजचा जाड तळ उसळतो आणि बॉलच्या पोटात लागतो. तिथे नऊ नंबर बरा. बंकरमधल्या वाळूत उलट, तो जाड तळच कामाला येतो.

वेळ सकाळी सहा ते साडेसात. मार्चनंतर आठच्या पुढे थांबू नका. ताक, लिंबू-मीठ-साखर, टोपी. यात नवीन सांगण्यासारखं काही नाही, सोलापुरात राहता म्हणजे माहीतच आहे.

पुणे की हैदराबाद

निघण्याआधी क्लबला फोन करा आणि हे विचारा: पाहुण्याला एकट्याला खेळू देतात की सभासद बरोबर लागतो, ग्रीन फी, म्हणजे खेळायची फी, कुठल्या वारी किती, हँडिकॅपचा (खेळाच्या दर्जाप्रमाणे मिळणाऱ्या फटक्यांच्या सवलतीचा) दाखला मागतात का, आणि त्या दिवशी स्पर्धा किंवा देखभालीसाठी मैदान बंद तर नाही ना. शेवटचा प्रश्न विसरू नका. अडीचशे किलोमीटर जाऊन कुलूप बघण्याइतकं वाईट काही नाही. मधल्या वारी गेलात तर फी कमी आणि गर्दीही कमी. कॉलरचा टी-शर्ट घाला. जीन्स, गोल गळ्याचे बनियन आणि चपला घरी ठेवा.

पुण्यात येरवड्याचा पूना गोल्फ क्लब स्टेशनपासून जवळ आहे, जुन्या झाडीतला. बावधनच्या पलीकडे लवळ्याला ऑक्सफर्डचं मैदान आहे ते डोंगरउतारावर. चढ-उतार चांगलेच लागतात, नवख्याने तिथे पायी अठरा होलचा हट्ट धरू नये. सकाळच्या वंदे भारतने निघालं तर उतरेपर्यंत उन्हं वर आलेली असतात. हिवाळ्यात हरकत नाही, पण मार्चनंतर आदल्या संध्याकाळी जाऊन राहावं आणि सकाळचा पहिला टी टाइम, म्हणजे खेळ सुरू करायची वेळ, घ्यावा. सोलापूरकराचं कुणी ना कुणी पुण्यात असतंच. परतीला संध्याकाळची हुतात्मा किंवा वंदे भारत.

हैदराबाद लांब, पण मला तो प्रवास सोपा वाटतो. नळदुर्ग, उमरगा, हुमनाबाद, झहीराबाद असं ६५ नंबरच्या महामार्गाने गेलं की आपण शहराच्या पश्चिमेकडूनच आत शिरतो. गचिबावलीचं बोल्डर हिल्स आणि गोवळकोंड्याच्या नया किल्ल्यातलं मैदान, दोन्ही त्याच अंगाला. भर शहरातून जावं लागत नाही. नया किल्ल्यात ते जुनं अवाढव्य गोरखचिंचेचं झाड आहे, हत्तियान; खेळून झाल्यावर बघून या.

बॅग रेल्वेत न्यायची तर क्लबची डोकी जाड मोज्यांत घाला आणि पूर्ण बॅग चादरीत गुंडाळून दोरीने बांधा. मधोमध एक बांबूची काठी ठेवा, सगळ्यात लांब क्लबपेक्षा दोन बोटं उंच. बॅग उलटी आपटली तरी भार काठीवर येतो, शाफ्टवर नाही. चेअर कारमध्ये वरच्या रॅकवर डब्याच्या लांबीला आडवी बसते. विमानात क्लब केबिनमध्ये नेऊ देत नाहीत, चेक-इनच करावे लागतात. तिथेही हीच काठी, आणि ड्रायव्हर असेल आणि त्याचं डोकं किल्लीने निघत असेल तर ते काढून कपड्यांत ठेवा.

खाण्याला कडक भाकरी आणि शेंगाची चटणी. लवकर नासत नाही. सहाव्या आणि बाराव्या होलनंतर दोन-दोन तुकडे. एकदम पोटभर खाल्लं की पुढचे दोन होल वाया जातात.

मैदानावर

बऱ्याच क्लबांत कॅडी, म्हणजे बॅग उचलणारा मदतनीस, घ्यावाच लागतो, आणि घ्यायलाच हवा. त्याला पहिल्याच होलला सांगा, "दादा, मी नवीन आहे, लांबचं नको, सोपं सांगा." यार्डांचे आकडे तोच सांगेल, १५० यार्ड म्हणजे १३७ मीटर. तो एक क्लब जास्त घ्या म्हणाला तर घ्या. हौशी माणसाचा बॉल ग्रीनच्या पुढे जाण्यापेक्षा अलीकडेच जास्त वेळा पडतो, आणि हे त्याने रोज पाहिलेलं असतं. त्याचे पैसे आणि वर द्यायचे ते रोख, सुटे, वेगळ्या खिशात ठेवा.

बॉल शोधायला नियमाने तीन मिनिटं. हद्दीबाहेर गेल्याची शंका आली की तिथूनच ‘प्रोव्हिजनल’ (तात्पुरता बॉल) असं स्पष्ट सांगून दुसरा मारा. नंतर मागे चालत येणं आणि मागच्या चौकडीला थांबवणं टळतं. बंकर ओढून ठेवणं, ग्रीनवरचा खड्डा बुजवणं, दुसऱ्याच्या पटच्या रेषेवर पाय न देणं, हे पाळलं की खेळ कसाही असो, लोक पुन्हा बोलावतात.

ग्रीन वाचताना उताराबरोबर गवताचा कलही बघा. आपल्याकडे बहुतेक ठिकाणी बर्म्युडा गवत असतं आणि ते एका दिशेला झुकून वाढतं. व्हेलूरच्या टॉवेलवरून हात फिरवला की एका बाजूने फिकं चमकतं आणि उलट बाजूने गडद दिसतं, तसंच हे दिसतं. बॉलमागून बघताना गवत फिकं चमकत असेल तर कल होलकडे, बॉल पळेल. गडद दिसलं तर कल तुमच्याकडे, जोर लागेल. नाही कळलं तर होलच्या कडेकडे बघा. एक कड स्वच्छ कापलेली आणि दुसरी वाळकी, उसवलेली दिसते. उसवलेल्या बाजूकडे गवताचा कल असतो.

पहिल्या काही फेऱ्या स्टेबलफोर्डने, म्हणजे होलवार गुणांनी, मोजा. होलला ठरलेले फटके म्हणजे पार; एक जास्त तर बोगी, एक कमी तर बर्डी. हँडिकॅपचे फटके वजा करून बोगीला एक गुण, पारला दोन, बर्डीला तीन. बोगीहूनही जास्त लागले की शून्य. बॉल उचलायचा आणि पुढच्या होलला चालू लागायचं. एका होलला अकरा झाले म्हणून दिवस नासत नाही.

कार्ड घरी आणा

कार्डावर नुसते आकडे लिहू नका. प्रत्येक होलपुढे तीन खुणा करा: पट किती, पेनल्टीचे किती, आणि ५० यार्डांच्या आत पट सोडून किती. समजा एकूण ११२ झाले. त्यात ४२ पट, १० पेनल्टीचे, २४ जवळचे. उरले ३६. म्हणजे लांबचे फटके होलमागे दोनच. दुकानदार तुम्हाला ज्याच्यासाठी ड्रायव्हर विकत होता तो हिशेब हा. ४२ पटांचे ३६ करणं सतरंजीवर होतं, फुकट. १० पेनल्टीचे ५ करणं म्हणजे तळ्यावरून मारायच्या ऐवजी बाजूने नऊ नंबर खेळणं, तेही फुकट. अशा चार-पाच कार्डांचे फोटो कोचला पाठवा, म्हणजे पुढच्या शिकवणीत तो तुमच्या आवडीचं न शिकवता गरजेचं शिकवेल.

अधिकृत हँडिकॅप हवा असेल तर इंडियन गोल्फ युनियनशी जोडलेल्या क्लबाचं सभासदत्व लागतं. २०२० पासून जगभर एकच पद्धत आहे: शेवटच्या २० फेऱ्यांतल्या उत्तम आठांची सरासरी, आणि कमाल मर्यादा ५४. सुरुवातीला अठरा होलची तीन कार्डं पुरतात. कार्डावर बरोबर खेळलेल्याची सही मैदानावरच, चहाच्या आधी घ्या. एकदा तुम्ही गाडीत बसलात की पुण्याचा माणूस पुन्हा फोन उचलेलच असं नाही.